आळ शेंगदाण्यावर आला होता

महाशिवरात्रीच्या रात्री सव्वादोनला मला जाग आली, ती जीभ दातांत अडकतेय असं वाटून. दुखत नव्हतं, खाजतही नव्हतं. तोंडात कणकेचा गोळा कोंबल्यासारखं झालं होतं. गिळायला गेलं की लाळ आत जायच्या ऐवजी ओठांवरून गळत होती. बाथरूमच्या आरशात पाहिलं तर जिभेची उजवी बाजू फुगलेली आणि तिच्यावर दाढांच्या खुणा उमटलेल्या. यांना उठवायला गेले, तर साधं ‘अहो’सुद्धा धड उमटेना.

त्या दिवशी सकाळी आम्ही कपालेश्वराला गेलो होतो. रामकुंडाच्या वरच्या अंगाला असलेलं, समोर नंदी नसलेलं हे महादेवाचं मंदिर आम्हा नाशिकच्या पंचवटीकरांचं जिव्हाळ्याचं. रांगेत दोन तास गेले. घरी येऊन उपासाचं खाल्लं: साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. म्हणजे दिवसभरात तीन पदार्थांतून पोटात शेंगदाणाच गेला. त्यामुळे हिरावाडीतून गाडी निघाली तेव्हा गाडीतल्या सगळ्यांचं, माझंसुद्धा, एकमत झालं होतं की ही शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी. गाडी शेजारच्या भाऊंनी काढली. मागच्या सीटवर यांनी माझं डोकं धरून ठेवलं होतं. द्वारकेवरून मुंबई नाक्याकडे वळेपर्यंत माझा आवाज तोंडात घास धरून बोलल्यासारखा झाला होता. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. श्वासनलिकेच्या तोंडाशी किती थोडी जागा असते, हे मी फळ्यावर पुष्कळदा काढून दाखवलं आहे. त्या गाडीत मला ती आकृतीच डोळ्यांपुढे दिसत होती.

इस्पितळात तातडीने जे करायचं ते केलं गेलं. अ‍ॅड्रिनलिन दिलं, अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन दिलं, स्टेरॉइड दिलं. ते योग्यच होतं, कारण जीभ सुजलेला माणूस समोर आला की आधी जीवघेणी अ‍ॅलर्जी धरूनच चालावं लागतं. पण अर्धा तास गेला, पाऊण तास गेला, सूज तसूभरही हलली नाही. उलट हनुवटीखाली भरून आलं. मग भूलतज्ज्ञ मॅडमना बोलावलं, कारण घशात नळी घालायची वेळ येऊ शकत होती. कान-नाक-घशाचे डॉक्टरही आले. नळी गेली नाही तर गळ्याला छेद द्यावा लागेल, अशी त्यांची तयारी चालली होती आणि ती मला दिसत होती.

भूलतज्ज्ञ मॅडम तिशीच्या असतील. त्यांनी आधी माझे हात पाहिले, मग पाठ, मग पोट. “अंगावर गांधी उठल्यात का? खाज?” नाही. “उलटी? चक्कर?” नाही. बीपी घसरलेलं नव्हतं, वाढलेलंच होतं. मग त्यांनी विचारलं, “काकू, बीपीची गोळी घेता ना? कुठली?”

मला बोलता येत नव्हतं. यांना नाव माहीत नव्हतं; “छोटी गोळी आहे, सकाळी घेते,” एवढंच ते सांगू शकले. मुलगा घरी आजीजवळ थांबला होता. त्याला फोन केला. त्याने देव्हाऱ्याशेजारच्या डब्यातून पाकीट काढून त्याचा फोटो पाठवला. यांच्या मोबाइलवर तो उघडला. रॅमिप्रिल, ५ मिलिग्रॅम.

“कधीपासून?”

“जूनपासून.”

“आणि खोकला?”

हे चकित होऊन त्यांच्याकडे पाहत राहिले. खोकल्याबद्दल आम्ही अवाक्षरही काढलं नव्हतं.

त्या खोकल्याने आमचे सात महिने खाल्ले होते. जूनमध्ये नेहमीच्या तपासणीत बीपी १६४/१०० निघालं आणि गोळी सुरू झाली. बीपी छान खाली आलं. ऑगस्टमध्ये खोकला लागला. कोरडा. छातीत काहीच नाही, फक्त घशाच्या तळाशी पिसाने गुदगुल्या केल्यासारखं व्हायचं आणि ढास सुरू झाली की थांबायची नाही. झोपल्यावर जास्त. पावसाळी हवा म्हणून सुरुवातीला दुर्लक्ष केलं. मग दिवाळीच्या आवराआवरीची धूळ झाली, मग नाशिकची थंडी. प्रत्येक ऋतूने आपापलं कारण पुरवलं. अडुळसा झाला, ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं. तीन प्रकारची खोकल्याची औषधं, दोनदा अँटिबायोटिक, एक्स-रे (स्वच्छ), क्षयाची तपासणी (नाही), दम्याचा पंप, पित्ताच्या गोळ्या. वर्गात वाक्य पुरं होत नसे. पहिल्या बाकावरची मुलगी न सांगता पाण्याची बाटली पुढे करायची. रात्री यांची झोप मोडू नये म्हणून मी बैठकीतल्या दिवाणावर झोपायला लागले होते.

या सगळ्या काळात मी तीन ठिकाणी दाखवलं. प्रत्येक ठिकाणी ‘बीपी आहे, गोळी चालू आहे’ असं सांगितलं. कागदावर तेवढंच लिहिलं गेलं. कुठली गोळी, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मी ते सांगायला हवं होतं, असं आज मनापासून वाटतं. ते औषध माझ्या पोटात रोज जात होतं आणि त्याचं नाव सांगणं माझ्याच हातात होतं.

जानेवारीत आणखी एक गोष्ट घडली होती. दाढ भरून घेतली, त्या रात्री वरचा ओठ फुगला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आपोआप उतरला. बधिर करायच्या इंजेक्शनमुळे झालं असेल, असं म्हणून आम्ही ते विसरलो. दातांच्या कामासारखी छोटीशी इजासुद्धा अशा सुजेला निमित्त ठरते, हे मला त्या रात्रीनंतर कळलं.

मॅडमनी यांना जे सांगितलं, ते मी कॉटवर पडून ऐकत होते. “ही हिस्टामिनची, म्हणजे अ‍ॅलर्जीत सुटणाऱ्या रसायनाची सूज नाही, ब्रॅडिकायनिनची आहे. म्हणून अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन लागू पडत नाहीये.”

ब्रॅडिकायनिन. हा शब्द मी वाचलेला होता. दाहाची लक्षणं शिकवताना लाली, उष्णता, सूज, वेदना अशी चार नावं फळ्यावर लिहायची आणि पुढे बाण काढून ‘हिस्टामिन’ लिहायचं, ही माझी अनेक वर्षांची पद्धत. ब्रॅडिकायनिन कुठेतरी ‘इत्यादी’मध्ये राहून गेलेलं. घरी आल्यावर मी ते इत्यादी नीट उलगडून वाचलं आणि मला ते इतकं विलक्षण वाटलं की इथे जरा सविस्तर सांगते.

आपल्या रक्तात किनिनोजेन नावाचं एक मोठं प्रथिन असतं. ते यकृतात तयार होतं. शरीराला इजा झाली, पाय मुरगळला, भाजलं, कापलं, की कॅलिक्राइन नावाचं विकर (एन्झाइम) जागं होतं आणि किनिनोजेनमधून नऊ अमिनो आम्लांचा एक तुकडा कापून काढतं. तो तुकडा म्हणजे ब्रॅडिकायनिन. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर त्याच्यासाठी जागा ठरलेल्या असतात, त्यांना बी-२ ग्राहक म्हणतात. तिथे तो बसला की पेशी नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडतात, वाहिनी रुंदावते, अस्तराच्या पेशींमधल्या फटी उघडतात आणि रक्तातला द्रव आजूबाजूला पाझरतो. वेदनेच्या मज्जातंतूंनाही तो थेट डिवचतो. लाली, उष्णता, सूज, वेदना: माझ्या फळ्यावरच्या चारही गोष्टी हा एकटा रेणू घडवू शकतो. दाह बराच वेळ टिकला तर बी-१ नावाचे वेगळे ग्राहकही पेशींवर उगवतात. एरवी ते फारसे नसतातच.

एवढं प्रभावी रसायन शरीर मोकळं सोडत नाही. रक्तात त्याचं आयुष्य काही सेकंदांचं असतं. त्याचे तुकडे करणारं मुख्य विकर म्हणजे एसीई, आणि फुप्फुसातल्या केशवाहिन्यांत ते विपुल असतं. पण हेच एसीई आणखीही एक काम करतं. अँजिओटेन्सिन-१ चं ते अँजिओटेन्सिन-२ करतं, आणि हे दुसरं अँजिओटेन्सिन रक्तवाहिन्या आवळून बीपी वाढवतं. ब्रॅडिकायनिन तोडणारं आणि अँजिओटेन्सिन घडवणारं विकर एकच, हे १९७०च्या सुमारास सिद्ध झालं. तेव्हा बीपी उतरवायला एसीई अडवणारी गोळी द्यावी, तर ब्रॅडिकायनिनची विल्हेवाटही अडते. बीपी उतरण्यात त्या साठलेल्या ब्रॅडिकायनिनचाही थोडा हात असतो, म्हणजे ते सर्वस्वी नुकसानच असं नाही. पण काहींच्या श्वासमार्गात ते आणि त्याच्यासारखी दुसरी रसायनं साठून खोकल्याच्या तंतूंना चाळवत राहतात. आणि थोड्यांच्या बाबतीत ते ओठ, जीभ, घसा, कधी आतड्याचं अस्तर सुजवतं.

माझ्या घशातला सात महिन्यांचा खोकला आणि त्या रात्रीची जीभ, दोन्हींमागे एकच गोळी होती.

या गोळ्यांची नावं ओळखायला सोपी आहेत. शेवटी ‘प्रिल’ येतं: एनालॅप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल, रॅमिप्रिल. खोकला साधारण शंभरातल्या पाच ते वीस जणांना होतो असं सांगतात, बायकांना जास्त. सूज त्यामानाने विरळा, शंभरात एकालाही नाही. पण ती गोळी सुरू केल्याच्या आठवड्यातही येऊ शकते आणि काही वर्षं बिनतक्रार घेतल्यावरही येते, म्हणूनच ओळखायला चकवते. गांधी नाहीत, खाज नाही, आणि अ‍ॅलर्जीच्या औषधाला दाद नाही, या तीन ‘नाहीं’वरून तिचा संशय घ्यायचा.

त्या रात्री पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. मॅडमनी प्लाझ्मा मागवला. मुलगा आजीला शेजारच्या काकूंकडे सोडून मोटारसायकलवर रक्तपेढीत गेला. गोठवलेला प्लाझ्मा वितळवून मिळायला वेळ लागतो. त्या बाकावर बसून काढलेली पाऊण तासाची वाट त्याच्या अजून लक्षात आहे. कुणा दात्याच्या रक्तातल्या त्या पिवळसर द्रवात त्याचं एसीई असतं. माझं एसीई गोळीने बांधून ठेवलेलं, म्हणून दुसऱ्याचं उसनं घ्यायचं, इतका सरळ विचार त्यामागे होता. दोन पिशव्या दिल्या. बी-२ ग्राहकावर जाऊन बसणारं आणि ब्रॅडिकायनिनला तिथे बसूच न देणारं इकॅटिबंट नावाचं इंजेक्शनही आहे, ते मुळात आनुवंशिक सुजेच्या रुग्णांसाठी बनवलेलं. त्या रात्री ते हाताशी नव्हतं.

नळी घालावी लागली नाही. पहाटे पाचला सूज वाढायची थांबली, दुपारपर्यंत जीभ दातांच्या आत आली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पेज प्याले. प्लाझ्मामुळे उतरली की तिची वेळ झाली म्हणून उतरली, हे मॅडमनी ठामपणे सांगितलं नाही. अशी सूज एक ते तीन दिवसांत स्वतःहूनही ओसरते, असं त्या म्हणाल्या. खोटं श्रेय न घेणारी ती तरुण डॉक्टर माझ्या मनात घर करून राहिली आहे.

घरी सोडताना कागदावर तांबड्या शाईने लिहून मिळालं: ‘प्रिल’ गटातली कुठलीही गोळी पुन्हा कधीही नाही. आधी कुणीतरी तिथेच ‘शेंगदाणा’ लिहिलं होतं. मॅडमनी ते माझ्यादेखत खोडलं. ते खोडलं गेलं नसतं तर मी आयुष्यभर शेंगदाणा वर्ज्य करून रोज सकाळी तीच गोळी घेत राहिले असते, या विचाराने अजूनही अंगावर काटा येतो.

बीपीसाठी आता अ‍ॅम्लोडिपिन सुरू झालं. ‘सार्टन’ गटातल्या गोळ्या अँजिओटेन्सिनला पुढच्या पायरीवर अडवतात, एसीईला हात लावत नाहीत, म्हणून त्या पुढे लागल्या तर जपून देता येतील, असं सांगितलं. गोळी बंद केल्यावरही काही आठवडे सूज पुन्हा येऊ शकते, तेव्हा रात्रीबेरात्री कुठे जायचं हे ठरवून ठेवा, असंही सांगितलं. त्याप्रमाणे तो महिनाभर भाऊंच्या गाडीची एक किल्ली आमच्या खुंटीवर टांगलेली होती.

एक शंका मात्र उरली होती. माझ्या वडिलांकडच्या एका आत्याला ‘तोंड सुजायचं’ असं लहानपणी ऐकलेलं. हे सांगितल्यावर रक्ताच्या दोन तपासण्या लिहून दिल्या, सी-४ आणि सी-१ इनहिबिटर या रक्तातल्या दोन प्रथिनांच्या. नमुना मुंबईला गेला. सी-१ इनहिबिटर हा कॅलिक्राइनचा लगाम. काही घराण्यांत तो जन्मतःच कमी असतो, मग ब्रॅडिकायनिन भलतंच तयार होत राहतं; हात, चेहरा, पोट, घसा वरचेवर सुजतात, आणि पोटाच्या कळांपायी नको ती ऑपरेशनंही होतात. आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो दोष येण्याची शक्यता निम्मी. या आजारात सी-१ इनहिबिटर कमी पडतो हे १९६३ साली कळलं. मोरीतलं पाणी तुंबायला दोन कारणं असू शकतात, नळ फार सुटलेला किंवा मोरीचं तोंड बुजलेलं. माझा नळ तपासायचा होता. अहवाल यायला लागलेले ते दिवस मी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहत काढले. दोन्ही आकडे ठीक आले. माझी फक्त मोरी बुजली होती.

ब्रॅडिकायनिनचा शोध लागला तो एका सापामुळे, आणि हे वाचताना मी रात्री एकपर्यंत जागले. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आहे, आपल्या सह्याद्रीतल्या चापड्याच्या गोतावळ्यातला. १९४९ साली मॉरिसियो रोशा ए सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, बेराल्डो आणि रोझेनफेल्ड यांनी, साओ पावलोत या सापाचं विष कुत्र्याच्या प्लाझ्मात मिसळलं. त्यातून निघालेल्या पदार्थाने गिनीपिगचं आतडं सावकाश आकुंचन पावलं. हिस्टामिनने ते झटकन होतं, याने हळू. ग्रीकमध्ये ‘ब्रॅडिस’ म्हणजे मंद आणि ‘किनेइन’ म्हणजे हलणं, त्यावरून हे नाव. पुढे १९६५ साली सर्जिओ फरेरा यांनी त्याच विषात आणखी एक घटक शोधला, जो ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढवतो, म्हणजे त्याला तुटू देत नाही. फरेरा तो घेऊन लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेले, तिथून धागा अमेरिकेतल्या कुशमन आणि ओंडेटी या संशोधकांपर्यंत पोहोचला, आणि त्या विषाचा धडा गिरवत त्यांनी कॅप्टोप्रिल घडवलं. १९८१ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. माझी गोळी त्याच कुळातली.

या गोळ्यांनी असंख्य हृदयं आणि मूत्रपिंडं वाचवली आहेत, आणि हे मी मुद्दाम सांगते, कारण आमच्या घरात लगेच उलटा प्रकार घडला. सासूबाईंना चार वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका आला होता, तेव्हापासून त्या रॅमिप्रिलच घेतात. माझं ऐकून त्यांनी कुणालाही न सांगता गोळी बंद केली. चार दिवसांनी पाकिटातल्या गोळ्या मोजताना माझ्या लक्षात आलं. मी त्यांच्यापाशी बसले. “आई, तुम्हाला खोकला आहे का? कधी ओठ, जीभ सुजली?” नाही म्हणाल्या. “मग ही गोळी तुमच्या हृदयाची राखण करतेय. माझ्या अंगाला ती सोसली नाही, तुमच्या अंगाला सोसते.” त्यांना ते पटायला डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून द्यावं लागलं. त्या पुन्हा घेऊ लागल्या. यांच्या साखरेच्या गोळ्यांत विल्डाग्लिप्टिन आहे. ते ‘प्रिल’बरोबर घेतलं तर सुजेचा धोका वाढतो असं वाचल्यावर यांचंही पाकीट तपासलं. यांच्या बीपीच्या गोळीत ‘प्रिल’ नाही.

खोकला लगेच गेला नाही. पहिला आठवडा तसाच. मला वाटलं, हे निदान खोटं ठरणार. दुसऱ्या आठवड्यात रात्रीच्या ढासा तीनवरून एकीवर आल्या. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मी दिवाणावरून उठून पुन्हा आतल्या खोलीत झोपायला गेले. त्या रात्री हे तीन वाजता दचकून उठले आणि माझ्या नाकापुढे हात धरून बसले. सात महिन्यांनी घरात खोकल्याचा आवाज नव्हता, म्हणून त्यांना जाग आली होती.

मे महिन्यात सुट्टी लागल्यावर दाढेचं राहिलेलं काम करायला गेले. खुर्चीवर बसण्याआधी कागद पुढे केला. दंतवैद्यांनी तो दोनदा वाचला, जानेवारीतल्या ओठाची तारीख आपल्या नोंदीत शोधून काढली आणि शेजारी काहीतरी लिहिलं. मग बधिर केलं, दाढेवर टोपी बसवली. रात्री दर तासाला उठून आरशात पाहत होते. पहाटे चार वाजता बधिरपणा केव्हाचाच उतरला होता, आणि ओठ होता तेवढाच होता.